क्रूझ लिस्बनला एकच दिवस थांबतेय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्सिलोना, साउथॅम्प्टन, नाहीतर कॅनरी बेटांच्या बाजूला जाणाऱ्या क्रूझवर लिस्बनचा स्टॉप बरेचदा असतो, आणि बुकिंग झालं की आपल्या लोकांचे प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून सगळे एकत्र लिहून ठेवतेय. क्रम काही लावलेला नाही, लागेल तो प्रश्न वाचा.

बोट नक्की कुठे लागते? पोर्टपासून शहर किती लांब?

लांब नाहीच, हेच तर लिस्बनचं सुख. बऱ्याच युरोपियन स्टॉपना पोर्ट एकीकडे आणि शहर तासाभराच्या बसवर असं असतं, इथे बहुतेक मोठ्या बोटी सांता अपोलोनिया स्टेशनच्या समोरच्या टर्मिनलला लागतात आणि रस्ता ओलांडला की अल्फामा सुरू, म्हणजे शहरातली सगळ्यात जुनी वस्ती. टर्मिनलची बिल्डिंग 2017 ची, पांढरी, बसकी, तिच्या काँक्रीटमध्ये वजन कमी व्हावं म्हणून बुचाच्या झाडाचा भुगा मिसळलाय (पोर्तुगालमध्ये बूच कशात घालतील सांगता येत नाही). तिथून नदीकाठाने चालत प्रासा दो कोमेर्सिओ हा मोठा चौक पंधरा-वीस मिनिटं. चालायचं नसेल तर सांता अपोलोनियालाच ब्लू लाइन मेट्रो आहे, एकच स्टेशन.

फक्त एक बघून घ्या, काही बोटी अल्कांतारा बाजूच्या जुन्या टर्मिनलला लागतात. ते 25 एप्रिल पुलाजवळ आहे, बेलेम या नदीकाठच्या स्मारकांच्या भागाला जवळ पण अल्फामाला लांब. आदल्या रात्री केबिनमध्ये जो कागद येतो किंवा ॲपवर जे येतं त्यात टर्मिनलचं नाव असतं, ते बघूनच प्लॅन ठरवा.

शिपची एक्सकर्शन घ्यावी का?

लिस्बनला गरज नाही असं माझं स्पष्ट मत. जिथे शहर दोन तासांवर आहे तिथे घ्या, बस उशिरा आली तरी बोट थांबते तेवढं त्याचं मोल आहे. इथे तुम्ही बोटीच्या सावलीतच फिरणार, मग चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये कानात ते यंत्र घालून कुणाच्या तरी झेंड्यामागे कशाला पळायचं. अपवाद फक्त व्हीलचेअरवाल्यांचा किंवा अगदीच चालता न येणाऱ्यांचा, त्यांना बस टूर बरी.

पहाटे उठून डेकवर जायलाच पाहिजे का? झोप महत्त्वाची आहे हो.

झोप दुसऱ्या दिवशी काढा. बोट समुद्रातून थेट बंदरात न शिरता टॅगस नदीतून वर येते (तिथले लोक तेजो म्हणतात), आणि पाठोपाठ डाव्या हाताला बेलेमचा बुरूज, मग खलाशांचं ते पांढरं स्मारक, मग 25 एप्रिल पूल. पूल 1966 चा, आधी त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं, 1974 च्या 25 एप्रिलला क्रांती झाली आणि नाव बदललं. बोट त्याच्या खालून जाते तेव्हा वरच्या डेकवर उभं राहिलं तर वाटतं चिमणी आता आपटणार, आपटत नाही, पुलाखाली साधारण 70 मीटर जागा आहे. आणि आवाज! पुलाच्या काही लेनना खाली लोखंडी जाळी आहे, त्यावरून गाड्या गेल्या की मधमाशांचं पोळं उठल्यासारखं गुणगुणतं. उजवीकडे पलीकडच्या काठावर हात पसरलेला ख्रिस्त दिसेल, तो 1959 चा.

निघताना हे सगळं उलट बाजूला, म्हणजे बेलेम उजवीकडे.

हातात सात-आठ तास आहेत. काय काय होईल?

लोक लिस्ट करून येतात, किल्ला, बेलेम, ट्रॅम 28, सिंत्रा (शहराबाहेरचं राजवाड्यांचं गाव), फादो (इथलं पारंपरिक गाणं), शॉपिंग, आणि संध्याकाळी पाय सुजलेले आणि डोक्यात नुसत्या लाइनी. एक भाग धरा. एकतर अल्फामा आणि खालचा बायशा, नाहीतर बेलेम. दोन्ही होऊ शकतं पण मग दोन्हीकडे फक्त फोटो. मला विचाराल तर बोट सांता अपोलोनियाला असेल तर अल्फामाच, कारण हे शहर कसं वाढलं ते तिथल्या चढावर कळतं. बेलेम म्हणजे राजाने पैसा आल्यावर बांधलेलं शोकेस.

अल्फामात फिरायचं कसं? मॅप तर चालतच नाही तिथे.

खरंय, गल्ल्या इतक्या अरुंद की फोनमधला निळा ठिपका कुठल्याही भिंतीत जाऊन बसतो. साधा नियम, वर जाताय म्हणजे किल्ल्याकडे, खाली उतरताय म्हणजे नदीकडे, म्हणजे बोटीकडे. हरवायला होत नाही.

टर्मिनलच्या जवळच फादोचं म्युझियम आहे, गाण्याची आवड असेल तर तिथून सुरुवात करा, नाहीतर सरळ वर चढायला लागा. दारांसमोर वाळत घातलेले कपडे, खिडकीत बसून खालच्या बाईशी जोरजोरात बोलणारी दुसरी बाई, जून असेल तर दारातच शेगडी लावून भाजलेल्या सार्डिन (12-13 जूनला सेंट अँथनीचा सण असतो तेव्हा तर अख्ख्या वस्तीत धूरच धूर, हा संत इथलाच, लिस्बनमध्ये जन्मलेला). से म्हणजे कॅथेड्रल वाटेत लागतं, 1147 मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिकेसने मूर म्हणजे मुस्लिम राज्यकर्त्यांकडून शहर घेतलं त्यानंतर लगेच बांधायला घेतलेलं, बाहेरून चर्च कमी आणि गढी जास्त वाटते. तिथून वर सांता लुझियाचा मिरादौरो, म्हणजे व्ह्यूपॉइंट. सगळे नदीचा फोटो काढून निघून जातात, तुम्ही मागे वळून चर्चच्या बाहेरच्या भिंतीवरच्या निळ्या टाइल्स बघा, त्यात 1755 च्या भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक काढलाय, जो आता तसा राहिलेला नाही.

किल्ला, साओ जॉर्ज, आतून फारसा काही नाही, तटबंदी, मोर आणि व्ह्यू. तिकीट बऱ्यापैकी महाग. व्ह्यूच हवा असेल तर सेन्योरा दो मोंतेला जा, फुकट आहे आणि किल्लाही त्यात दिसतो.

मंगळवार किंवा शनिवार असेल तर वर कॅम्पो दे सांता क्लाराला फेइरा दा लाद्रा भरतो, जुना बाजार, जुनी नाणी, फुटक्या टाइल्स, कुणाच्या तरी आजीचे चमचे. आपला चोर बाजारच.

आपल्या मुंबईचं लिस्बनशी काहीतरी आहे ना? ती हुंड्याची गोष्ट?

आहे, आणि ज्या राजकन्येच्या हुंड्यात मुंबई गेली तिची कबर टर्मिनलपासून चढ धरला तरी पंधरा-वीस मिनिटांवर आहे, तरी तिथे भारतीय माणूस क्वचित दिसतो. 1661 च्या करारात पोर्तुगालच्या राजकन्येचं, कॅथरीन ऑफ ब्रगांझाचं, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि हुंड्यात मुंबईची बेटं आणि मोरोक्कोतलं टँजियर दिलं. मुंबई प्रत्यक्ष इंग्रजांच्या हातात यायला 1665 उजाडलं, कारण इथले पोर्तुगीज अधिकारी द्यायला तयारच नव्हते, आणि 1668 मध्ये राजाने ती वर्षाला 10 पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. बाई मात्र नवरा गेल्यावर काही वर्षांनी लिस्बनला परत आली, 1705 मध्ये वारली, आणि आता साओ व्हिसेंते दे फोरा या मठात ब्रगांझा घराण्याच्या दफनगृहात आहे.

ही खोली म्हणजे मठाचं जुनं जेवणघर. भिंतीला लागून दगडी पेट्या एकीवर एक, काहींवर मुकुट. मधोमध 1908 मध्ये खाली त्याच नदीकाठच्या चौकात गोळ्या घालून मारलेला राजा कार्लोस आणि त्याचा मुलगा, आणि त्यांच्यासमोर तोंड झाकून उभी असलेली दगडी बाई. गर्दी त्यांच्यापाशीच असते, कॅथरीनपाशी कुणी थांबत नाही. आपण थांबावं असं मला वाटतं, नाहीतरी कुलाबा-माझगाव कुणाला द्यायचं ते तिला कुणी विचारलं नसणार आणि कुलाबा-माझगावच्या लोकांना तर नाहीच नाही.

मठाचं तिकीट काढलंच आहे तर वरच्या मजल्यावरच्या टाइल्स आणि गच्ची सोडू नका. टाइल्सवर ला फोंतेनच्या प्राण्यांच्या गोष्टी आहेत, मुलं सोबत असतील तर त्यांचा वेळ बरा जातो.

बेलेमला जायचंच आहे. कसं जाऊ?

सांता अपोलोनियाहून 728 नंबरची बस नदीकाठाने थेट जाते. नाहीतर काइस दो सोद्रेला पोचा आणि तिथून कास्काइशची लोकल पकडा, दहा मिनिटांच्या आत बेलेम. ट्रॅम 15 पण जाते पण ती खचाखच. तीन-चार जण असाल तर उबर नाहीतर बोल्ट करा, डोक्याला ताप नाही.

जेरोनिमोस मठात आधी जा, दहाच्या आत. चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर आहे, समोर कवी कामोइंशची. गामा मेला कोचीनला, 1524 मध्ये, हाडं नंतर इकडे आणली आणि या मठात तर 1880 मध्ये. हा सगळा दगडी थाट मुख्यतः आफ्रिका आणि पूर्वेच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून उभा राहिलाय, त्यातून मिरी, दालचिनी, लवंग वगळलेली, त्यांचा कर थेट राजाच्या तिजोरीत जायचा. पुढे वेदीकडे बघा, राजांच्या शवपेट्या दगडी हत्तींच्या पाठीवर ठेवल्यात.

बुरुजाची लाइन मोठी असते आणि आत बघण्यासारखं कमी, बाहेरूनच बघा. पण टेहळणीच्या चौक्यांखाली एक झिजलेलं गेंड्याचं डोकं शोधा. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दिलेला गेंडा, गोव्याहून जहाजात घालून 1515 च्या मे महिन्यात इथे उतरवला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी बघितला नव्हता, राजा मॅन्युएलने त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्तीच पळाला. मग पोपला भेट म्हणून पाठवला आणि बिचारा इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याचं ते प्रसिद्ध चित्र काढलं ते गेंडा न बघता, नुसतं वर्णन आणि कुणाचं तरी स्केच बघून.

खलाशांचं स्मारक 52 मीटर उंच, आत्ताचं 1960 चं. सालाझारच्या काळातला अभिमान, बोटीच्या आकारात सगळे वीरपुरुष. वसई-गोव्याकडून आलेल्या माणसाला ते बघून काय वाटायचं ते वाटतं. समोर फरशीवर जगाचा प्रचंड नकाशा आहे, कुठल्या साली कुठे पोचले ते लिहिलेला, तो वरून छान दिसतो.

1755 चा भूकंप सगळीकडे ऐकायला मिळतो, एवढं काय झालं होतं?

1 नोव्हेंबर, सकाळ, ऑल सेंट्स डे म्हणून लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी भूकंप, मग नदीतून त्सुनामी, मग कित्येक दिवस आग. राजवाडा गेला आणि त्यातच असलेलं कासा दा इंडिया, म्हणजे आपल्याकडच्या व्यापाराचं ऑफिस, तेही गेलं, कागदपत्रांसकट. नंतर राजाचा मंत्री मार्क्विस ऑफ पोंबालने खालचा सगळा भाग सरळ रेषेत नव्याने आखला, तोच आजचा बायशा. घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा बसवला, हादरे बसले तर हलेल पण पडणार नाही असा.

वरती कार्मोचं चर्च मात्र छपराशिवाय तसंच ठेवलंय, नुसत्या कमानी आणि वर आकाश. वेळ असेल तर नक्की. शेजारच्या सांता जुस्ता लिफ्टच्या लाइनीत उभे राहू नका, कार्मोच्या मागून चालत त्या लिफ्टच्या पुलापर्यंत जाता येतं.

आणखी एक, रोसिओ चौकाजवळचं साओ दोमिंगोस चर्च. बाहेरून साधं. आत 1959 च्या आगीत तडकलेले, काळे पडलेले खांब तसेच आहेत, हात लावला तर कडेचा दगड खडबडीत लागतो. बाहेर 1506 मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे. इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्म सोडल्याच्या संशयावरून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा रोसिओ चौकात होता, आज तिथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे. गोव्याच्या इतिहासात ज्यांना रस आहे त्यांनी चुकवू नका.

ट्रॅम 28 मध्ये बसायचंच आहे!

बसा, पण बोटीचे तीन हजार लोक उतरल्यावर सकाळी दहाला मार्तिम मोनिझच्या स्टॉपवर जाऊ नका. एवढीशी पिवळी गाडी, लाकडी सीट, तासभर लाइन, आणि आत उभं राहून खिडकीतून काहीच दिसत नाही. आठच्या आधी जमलं तर मजा आहे. नाहीतर 12 नंबरची ट्रॅम अल्फामाला छोटी चक्कर मारते, ती बरी. फ्युनिक्युलरच्या, म्हणजे चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या डब्यांच्या, भरवशावर प्लॅन करू नका, सप्टेंबर 2025 मध्ये ग्लोरिया लाइनवर मोठा अपघात झाला, 16 माणसं गेली, त्यामुळे काय चालू काय बंद ते जायच्या आधी बघा.

सासू-सासरे बरोबर आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे. जमेल का?

जमेल, पण लिफ्टा माहिती पाहिजेत. बायशातल्या रुआ दोस फांकेइरोसवर एका बिल्डिंगमध्ये म्युनिसिपालिटीची फुकट लिफ्ट आहे, तिने वर जा, थोडं सपाट चाला, मग पिंगो दोसे सुपरमार्केटच्या बिल्डिंगमधली दुसरी लिफ्ट, आणि तुम्ही किल्ल्याच्या बरेच जवळ. मार्तिम मोनिझच्या बाजूने सरकते जिने पण आहेत. चढण्यापेक्षा उतार जास्त त्रास देतो, कारण फुटपाथ म्हणजे छोटे छोटे पांढरे-काळे चुनखडीचे दगड, शतकभर घासून गुळगुळीत झालेले, पाऊस पडला की साबण. चपला-सँडल नकोच, रबरी सोलचे बूट. हे सगळं जड वाटत असेल तर प्रासा दो कोमेर्सिओपर्यंत नदीकाठ पूर्ण सपाट आहे, तिथे कॉफी घेऊन बसा, त्यातही दिवस चांगला जातो.

टुकटुक?

आपली रिक्षाच, युरोत. अल्फामाच्या चढासाठी वृद्ध माणसं असतील तर ठीक, भाव बसायच्या आधी ठरवा. मीटर नाही म्हणून चिडू नका, पुण्यातून आलो आहोत आपण.

सिंत्रा करू का?

नको. रोसिओहून ट्रेन चाळीस मिनिटं, पण तिथे पोचल्यावर बसची लाइन, पेना पॅलेसची ठरलेल्या वेळेची तिकिटं, परत येताना धाकधूक. बोट रात्री उशिरा निघणार असेल किंवा मुक्काम असेल तरच.

सोमवारी पोचतोय, चालेल ना?

सोमवारी जेरोनिमोस, बेलेमचा बुरूज, टाइल्सचं म्युझियम असं बरंच काही बंद असतं. मग गल्ल्या, किल्ला आणि व्ह्यूपॉइंट. इतर दिवशी मात्र टाइल्सचं म्युझियम बघाच, त्यात भूकंपाआधीच्या लिस्बनचं 23 मीटर लांब टाइल्सचं चित्र आहे. तेही डागडुजीसाठी अधूनमधून बंद असतं, आधी साइट बघा.

भारतीय पासपोर्ट आहे. बोटीतून उतरायला व्हिसा लागेल?

शेंगेन व्हिसा लागतोच. "आम्ही उतरणारच नाही" म्हणून चालत नाही, व्हिसा नसेल तर क्रूझवाले बोटीवरच चढू देत नाहीत. आणि मल्टिपल एंट्री आहे का ते डोळ्यात तेल घालून बघा. बार्सिलोना, मग कासाब्लांका किंवा टँजियर, मग लिस्बन असा रूट असेल तर तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून परत आत येताय. साउथॅम्प्टनहून निघत असाल तर यूकेचा वेगळा व्हिसा. अमेरिकेतल्या ग्रीन कार्डवाल्या मंडळींनो, तुम्हालाही शेंगेन लागतो, कार्ड दाखवून होत नाही.

घड्याळाचा काय घोळ आहे?

मोठा आहे. पोर्तुगाल स्पेनच्या (कॅनरी बेटं सोडून) एक तास मागे. बोट स्पेनहून आली तर कधी बोटीचं घड्याळ बदलतात, कधी नाही, आणि तुमचा फोन मात्र जमिनीवर उतरला की गपचूप लोकल टाइम दाखवायला लागतो. परतीची वेळ बोटीच्या टाइमने असते. एक साधं मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवा, संपला विषय. पोर्ट एजंटचा नंबर त्या रोजच्या कागदावर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा आणि पासपोर्टची कॉपी जवळ असू द्या. घरी फोन करायचा असेल तर उन्हाळ्यात आपण साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच.

चोऱ्या होतात का?

मारामारी-लूट फार नाही, पण पाकीटमार भरपूर, विशेषतः ट्रॅम 28, 15 आणि व्ह्यूपॉइंटवर. सॅक पुढे घ्या. बायशात कुणी जवळ येऊन हळूच "हशीश" म्हणेल, बऱ्याचदा ती दाबलेली तमालपत्राची पावडर असते, नुसतं पुढे चालायला लागा.

आम्ही शाकाहारी आहोत, उपाशी राहू का?

राहणार नाही पण लक्ष द्यावं लागेल. काल्दो व्हेर्दे हे हिरवं सूप शाकाहारी दिसतं आणि त्यात सॉसेजची चकती तरंगत असते. "सें कार्ने, सें पेश्शे" म्हणा, मांस-मासे नको. पास्तेल दे नातामध्ये अंडं आहे, भरपूर आहे, त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांनी त्याच्याकडे बघू नये. जैन मंडळींनी बोटीवरून खाऊन निघावं. आपलं जेवण हवं असेल तर मार्तिम मोनिझच्या आसपास बांगलादेशी आणि भारतीय दुकानं, हॉटेलं दाटीवाटीने आहेत, कोथिंबिरीपासून गव्हाच्या पिठापर्यंत सगळं मिळतं.

मांसाहारी असाल तर प्रश्नच नाही, बिफाना म्हणजे लसूण-वाइनमध्ये शिजवलेलं पोर्क पावात, उभ्या उभ्या खायचं. हेच लसूण-वाइनचं मुरवण गोव्यात जाऊन व्हिनेगर आणि मिरची भेटल्यावर विंदालू झालं. शहरात गोवन रेस्टॉरंटही आहेत, कारण गोव्याची माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, 2015 ते 2024 पंतप्रधान असलेले अंतोनियो कोस्ता वडिलांकडून मडगावचेच.

टेबलवर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतील. ते फुकट नसतं, खाल्लं तर बिलात येतं, नको असेल तर परत न्या म्हणा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

पैसे, पाणी, टॉयलेट?

युरो, कार्ड सगळीकडे, मेट्रोच्या गेटवरही टॅप होतं. नळाचं पाणी प्यायला चांगलं. टॉयलेटसाठी कॅफेत जाऊन एक बिका म्हणजे एस्प्रेसो घ्या, उभ्याने काउंटरवर प्यायलात तर स्वस्त पडते.

काय आणू?

सार्डिनचे रंगीत डबे, बुचाच्या पर्स, साबण. जुन्या टाइल्स जुन्या बाजारातून घेऊ नका, बऱ्याच घरांच्या भिंतींवरून चोरून काढलेल्या असतात, नव्या हाताने रंगवलेल्या घ्या. पुस्तकवेडे असाल तर शियादोमध्ये बेर्त्रांदचं दुकान आहे, 1732 पासूनचं. जिंजा ही चेरीची दारू साओ दोमिंगोसच्या कोपऱ्यावर घोटभर पिऊन बघा, पण बाटली घेतली तर बहुतेक बोटींवर गँगवेलाच जमा करून घेतात आणि क्रूझ संपताना परत देतात, त्यामुळे पावती जपून ठेवा.